गुलामांच्या जहाजावर प्रेमाचे गाणे

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांविषयी आपण लिहितो तेव्हा ब्लॅक पँथरचा उल्लेख येतो, पाठोपाठ १९७२ ची दलित पँथर येते आणि लेख संपतो. ही माणसे गात काय होती, हे ऐकण्याची तसदी आपण क्वचितच घेतली. म्हणून आज एका अल्बमविषयी लिहीत आहोत. तो आम्हाला पुरता आवडलेला नाही, हे आधीच सांगतो.

ओजेज हा ओहायो राज्यातील कँटन गावच्या शाळकरी मित्रांनी १९५८ साली उभा केलेला गायकांचा संच. १९७३ पर्यंत त्यात तिघे उरले होते: एडी लेव्हर्ट, वॉल्टर विल्यम्स आणि विल्यम पॉवेल. फिलाडेल्फियाचे गीतकार-निर्माते केनेथ गॅम्बल आणि लिऑन हफ यांनी त्या वर्षी त्यांचा ‘शिप अहॉय’ काढला. मुखपृष्ठावर गुलामांच्या जहाजाच्या तळाशी कोंबलेली माणसे रंगवली आहेत आणि त्या माणसांत हे तिघेही बसलेले आहेत. नावाचे गाणे साडेनऊ मिनिटांचे. लाटा, वारा, चाबकाचे फटके आणि मग आवाज. आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसे अशी जहाजांत भरली गेली, त्यांतली लाखो किनारा न पाहताच मेली. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेला हा इतिहास नाचगाण्याच्या तबकडीवर घालणे सोपे नव्हते.

पण त्याच बाजूवर पुढे हवेच्या प्रदूषणावर एक गाणे येते आणि लगेच प्रेमात अडकलेल्या माणसाची विनवणी. चळवळीतल्या एका मित्राला हा अल्बम ऐकवला, तर तो उखडलाच. ‘जहाजाच्या तळातून थेट बाईच्या मागे? हा बाजारूपणा आहे.’

मित्राचा राग आम्हाला समजतो, कारण जयंतीच्या कार्यक्रमात गाणी निवडताना आम्हीही असेच बोललो आहोत. मात्र वकिलाच्या नजरेने पाहिले तर आक्षेप टिकत नाही. गुलामगिरीच्या राज्यांत गुलामाच्या लग्नाला कायद्याची मान्यताच नव्हती. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या गावी विकली जाई, आणि त्याविरुद्ध दाद मागायला कोर्ट नव्हते. व्हर्जिनियाने १६६२ सालीच कायदा केला की मूल आईच्या दर्जाचे. म्हणजे गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच मालकाची मालमत्ता. १८६५ साली गुलामगिरी संपली तेव्हा सुटलेली माणसे आपली लग्ने नोंदवायला निघाली, हरवलेल्या बायका-मुलांसाठी वर्तमानपत्रांत जाहिराती देत राहिली. काळ्या-गोऱ्यांच्या विवाहावरची बंदी तर सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली उठवली, या अल्बमच्या अवघी सहा वर्षे आधी. ज्याला माणूस म्हणून प्रेम करण्याचा हक्कच नव्हता, त्याच्या नातवा-पणतवांनी प्रेमाची गाणी गायिली तर तो विषय बदलला असे कसे म्हणावे? बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाचेच नाव घेतले, आणि तो माणसांना का पटत नाही याचा जाब शास्त्रांना विचारला. लग्न कोणाशी करायचे हा प्रश्न आपल्या चळवळीत कधीच खासगी नव्हता.

तेव्हा तक्रार वेगळी आहे. ही सगळी गाणी सारख्या ताकदीची नाहीत. प्रदूषणाचे गाणे पत्रक वाचल्यासारखे वाटते. विनवणीच्या गाण्यात लेव्हर्टचा आवाज डोंगर हलवील असा, पण गाणे जागचे हलत नाही. विषय चांगला म्हणून गाणे चांगले, हा हिशेब आपणही आपल्या गायकांच्या बाबतीत लावतो आणि त्यांचे नुकसान करतो.

उलट ‘फॉर द लव्ह ऑफ मनी’ ऐका. अँथनी जॅक्सनची बेस गिटार सुरुवातीलाच जी चाल धरते ती पोटात घुसते. पैशासाठी माणूस काय काय करतो, हा गाण्याचा विषय. आणि या गाण्याचे पुढे काय झाले? २००४ साली डोनाल्ड ट्रम्प यांचा ‘द अप्रेंटिस’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला, त्याचे शीर्षकगीत म्हणून हेच गाणे घेतले गेले. पैशाच्या लोभाला दिलेली शिवी श्रीमंताची सलामी झाली! २०१६ च्या प्रचारात त्यांची गाणी ट्रम्प यांच्यासाठी वाजू लागली, तेव्हा लेव्हर्ट आणि विल्यम्स यांनी कायदेशीर नोटीस धाडली. आपल्याकडेही बाबासाहेबांवरची गाणी कोणाकोणाच्या मंचावर वाजतात, ते वाचकांना सांगायला नको. नोटीस मात्र कोणी धाडत नाही.

दुसऱ्या बाजूवर जवळपास नऊ मिनिटांचे एक गाणे आहे, ‘डोंट कॉल मी ब्रदर’. तोंडावर भाऊ म्हणणाऱ्या आणि पाठीमागे घात करणाऱ्या आपल्याच माणसाला उद्देशून. हे गोऱ्यांविरुद्धचे गाणे नाही, म्हणून ते अधिक झोंबते. तिकीटवाटपाच्या दिवसांत कडकडून जयभीम घालणारे चेहरे आमच्या डोळ्यांपुढे आले. आमचा तो मित्रही गप्प झाला होता. गाणे संपल्यावर म्हणाला, ‘पुन्हा लाव.’

त्यानंतरचे शेवटचे गाणे मात्र आम्ही दोघांनीही पुरते ऐकले नाही.