यंत्र आले, ट्रामरचे काय?

डिसेंबर १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर धनबादच्या कोळसाखाणी पाहायला गेले. नुसते अहवाल वाचून ते परतले नाहीत. स्वतः खाणीत उतरले. १९४४ मध्ये खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कामगाराचा प्रश्न कामाच्या जागी जाऊन पाहावा, हा त्यातला धडा. भूमिगत खाणीतल्या बॅटरी इंजिनाकडेही आपण तसेच पाहिले पाहिजे.

कोळशाने भरलेला टब रुळांवरून ढकलणाऱ्या मजुराला ट्रामर म्हणतात. हे हाडे मोडणारे काम इंजिनाने केले, तर स्वागतच आहे. डिझेलचा धूर कोंडलेल्या बोगद्यात मजुराच्याच छातीत जातो. त्या धुराने कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला. बॅटरीच्या इंजिनाला धूर नाही.

पण धूर नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगीने पेट घेतो. कोळशातून निघणारा मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान स्फोटक ठरतो. म्हणून चार्जिंगच्या जागेवरची हवा थेट परतीच्या मार्गाने बाहेर गेली पाहिजे आणि इंजिनाची विद्युत यंत्रणा ज्वालारोधक असली पाहिजे. येथे केलेली काटकसर मजुराच्या जिवावरची असते.

आणि ट्रामरचे काय? त्याला चालकाचे प्रशिक्षण मिळणार, की कंत्राट संपल्याचा निरोप? गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्राला दोषी धरले नाही; यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेला धरले. आपली भूमिकाही तीच असावी.

कायदा आपल्या बाजूने आहे. कामगाराचे आरोग्य हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. कलम ४२ कामाच्या मानवी परिस्थितीची, तर कलम ४३अ व्यवस्थापनातील सहभागाची दिशा राज्याला देते. चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळसापट्ट्यातील कार्यकर्त्यांनी खाणीच्या सुरक्षा समितीत दोनच प्रश्न लावून धरावेत: चार्जिंगची हवा कुठे जाते? आणि टब ढकलणारा माणूस कुठे जातो? दोन्हींचे उत्तर लेखी घ्यावे.