काकडी हलकी, पण तिच्यावरचे तेल जड

साखर किंवा रक्तदाब वाढल्याचे निदान झाले की दवाखान्यातून गोळ्यांसोबत एक वाक्य हमखास घरी येते, "जेवणात सॅलड वाढवा." सल्ला अगदी बरोबर आहे. पण त्या सॅलडवर काय घालायचे, हे दोन मिनिटांच्या तपासणीत कोणी सांगत नाही. मग घरात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर काकडी-गाजराचे कोरडे तुकडे चार दिवस खाल्ले जातात आणि पाचव्या दिवशी ताटातून नाहीसे होतात. नाही तर त्यांना चव यावी म्हणून वर चरचरीत फोडणी, मूठभर कूट आणि साखर पडते. अलीकडे तर मेयोनीजची बाटलीही येते. दोन्ही वाटांनी डॉक्टरांचा सल्ला वायाच जातो.

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर भाजीऐवजी भाजीवर आपण काय घालतो त्याचा विचार करू. माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. कमी कॅलरीचे सॅलड ड्रेसिंग विकत आणण्याची आपल्या घरांना गरज नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात पहिल्यापासून आहे. फक्त तेल, कूट आणि साखर अंदाजाने ओतायची सवय सोडून चमच्याने मोजायची सवय लावायला हवी.

हिशेब मांडून पाहू

चार माणसांसाठी दोन मोठ्या काकड्यांची कोशिंबीर करायची आहे असे धरा. ४०० ग्रॅम काकडीत साधारण ६० कॅलरी असतात. आता वरचा माल बघा. फोडणीला मोठे दोन चमचे तेल घेतले तर त्याच्या सुमारे २४० कॅलरी झाल्या. दाण्याचे कूट अर्धी वाटी, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास घातले तर त्याच्या २८० कॅलरी. दोन लहान चमचे साखर म्हणजे आणखी ४०. एकूण बेरीज ६२० च्या घरात जाते आणि त्यात काकडीचा वाटा फक्त ६० चा. दहातले नऊ भाग वरच्या मालाचे! आपण मात्र "आज हलकेच जेवलो" म्हणतो.

याचे कारण साधे आहे. एक ग्रॅम पिठूळ किंवा गोड पदार्थातून ४ कॅलरी मिळतात, प्रथिनांतूनही ४ मिळतात, पण एक ग्रॅम तेलातून ९ मिळतात. तेल कोणतेही असो, हा आकडा बदलत नाही. मोबाइलवरचे सल्लागार सॅलडवर ऑलिव्ह तेल घालायला सांगतात. ते तेल चांगले असेल, पण कॅलरी त्यातही शेंगदाणा किंवा सोयाबीन तेलाइतक्याच आहेत. खिशाला मात्र ते कितीतरी जड.

मग रोज तेल किती खावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात त्यांनी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे आणि भाज्या ४०० ग्रॅम. २७ ग्रॅम तेल म्हणजे लहान चमच्याने सहा चमचे. त्यातच वरणाची फोडणी, भाजीची तर्री, पोळीला लावलेले तेल आणि कोशिंबीर असे सगळे आले. महिन्याचा हिशेब करायचा तर चार मोठ्या माणसांच्या घरात साधारण साडेतीन लिटर तेल पुरायला हवे. आपल्या घरात महिन्याला किती पिशव्या फुटतात, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे.

"आपल्याला कशाला कॅलरीची चिंता?"

हा प्रश्न वस्तीत हमखास येतो. कॅलरी मोजणे हे खात्यापित्या बंगलेवाल्यांचे काम, आपण तर कष्टाची माणसे, असे म्हटले जाते. पण आपली कामे बदलली आहेत. शेतावर आणि बांधकामावर राबणाऱ्या आईवडिलांची मुले आज रिक्षा चालवतात, गेटवर बारा तास बसतात, कार्यालयात खुर्चीवर असतात, शिलाई मशीनवर दिवस काढतात. अंगमेहनत कमी झाली, पण ताटातली तर्री तेवढीच राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आजार आता श्रीमंतांचा राहिलेला नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे २४ जणींचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले आणि सुमारे १९ जणींचे कमी. ५७ जणींना रक्तक्षय होता. हे सगळे अनेकदा एकाच घरात सापडते. सासूबाईंना साखर, मुलगा पोटाने सुटलेला आणि सून मात्र अशक्त. म्हणून कमी कॅलरीचा नियम घरातल्या सगळ्यांना सरसकट लावू नका. वाढती मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, क्षयरोगाचे उपचार घेणारी माणसे, वजन कमी असलेली माणसे यांच्या वाटीत दाण्याचे कूट जरूर घाला. त्यांना त्या कॅलरी आणि त्यातली प्रथिने हवीच आहेत. उपाय सोपा आहे. कोशिंबीर साधी करा आणि कूट वेगळ्या वाटीत ठेवा. ज्याला गरज आहे त्याने ते घ्यावे.

बाटलीवर काय लिहिलेले असते

आता मेयोनीजकडे वळू. सँडविच, फ्रँकी, मोमो यांच्या गाड्यांवरून ती पोरांच्या जिभेवर बसली आणि आता पाकिटातून घरात आली. अस्सल मेयोनीजमध्ये निम्म्याहून जास्त वजन तेलाचेच असते. एका मोठ्या चमच्यात ९० च्या आसपास कॅलरी भरतात. अंडे नसलेल्या मेयोनीजमध्येही तेल भरपूर असते. 'व्हेज आहे' एवढ्यावर ती हलकी होत नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमध्ये जंतू वाढून विषबाधा होण्याचाही धोका असतो. म्हणून तेलंगणाने २०२४ साली आणि तामिळनाडूने २०२५ साली तिच्यावर वर्षभराची बंदी घातली.

मग 'लाइट' लिहिलेली बाटली घ्यावी का? घेण्याआधी ती उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचा. १०० ग्रॅममागे ७०० कॅलरी असलेल्या मालातून पाव भाग कमी केला तरी ५२५ उरतात. नेहमीच्या मालापेक्षा हलका, पण स्वतः जडच. आपल्या देशाच्या नियमानुसार घट्ट पदार्थावर 'लो फॅट' म्हणजे कमी चरबीचा दावा करायचा तर १०० ग्रॅममध्ये चरबी ३ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. हा आकडा लक्षात ठेवला तर दुकानात उभे राहून स्वतःच पारख करता येते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तीही बघा. पहिल्या दोन-तीन नावांत तेल किंवा साखर असेल तर ती बाटली फळीवर परत ठेवा. तेल कमी केलेल्या मालात घट्टपणासाठी स्टार्च आणि चवीसाठी साखर-मीठ वाढवलेले असू शकते, हेही ध्यानात असू द्या. इंग्रजी अक्षरे बारीक असली तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. तिचाही अभ्यास होईल.

घरचे चार प्रकार

पहिला प्रकार दह्याचा. अर्धी वाटी दही दोन चमचे पाण्यात घुसळून पातळ करा. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेले आले, बारीक मिरची आणि कोथिंबीर घाला. साखर नको. चार माणसांच्या कोशिंबिरीला हे पुरते आणि त्यात सगळ्या मिळून ५० कॅलरीही होत नाहीत.

दुसरा प्रकार फेसलेल्या मोहरीचा. आपल्या आज्या मोहरी वाटून पाण्यात फेसायच्या, ती नाकात झणझणायची. एक लहान चमचा मोहरी पाण्यासोबत बारीक वाटा. त्यात एका लिंबाचा रस, दोन चमचे पाणी आणि लहान चमचाभर कच्चे तेल घालून झाकणाच्या डबीत जोरात हलवा. फेसलेली मोहरी तेल आणि पाणी यांना धरून ठेवते. त्यामुळे एवढेसे तेल सगळ्या फोडींना लागते. महागड्या बाटल्यांतही मोहरी हेच काम करते.

तिसरा प्रकार भाजलेल्या टोमॅटोचा. दोन टोमॅटो आणि चार लसूण पाकळ्या तव्यावर किंवा विस्तवावर काळपट भाजा. एका हिरव्या मिरचीसोबत ठेचा आणि लिंबू पिळा. कोबी, कांदा, मुळा यांवर हे घट्ट मिश्रण छान बसते. तेलाचा एक थेंबही लागत नाही.

चौथा प्रकार आपल्या घोळाण्याचा. कच्ची मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा पाला, त्यावर तिखट, मीठ, कूट आणि कच्चे तेल. हा पदार्थ सोडायचे कारण नाही. कूट मात्र निम्मे घ्या आणि उरलेल्या निम्म्याच्या जागी डाळव्याची पूड घाला. डाळव्यात तेल दाण्यापेक्षा कितीतरी कमी असते. कूट जाडसर ठेवा. दाताखाली आलेला दाणा थोड्यातही चव देतो. तेल चौघांत मिळून एक लहान चमचा.

तेल अजिबात नको, असेही नाही. गाजर आणि पालेभाज्यांमधून शरीराला मिळणारे अ जीवनसत्त्व अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते. तो एक चमचा त्यासाठी राहू द्या. लिंबाचेही तसेच आहे. डाळ, बाजरी, पालेभाजी यांतले लोह शरीरात शोषले जायला लिंबातले क जीवनसत्त्व मदत करते. रक्त कमी असलेल्या घरातल्या बायामुलींच्या ताटात लिंबाची फोड रोज असावी.

काकडीच्या त्याच कोशिंबिरीचा हिशेब आता पुन्हा करा. काकडी ६०, तेल एक लहान चमचा ४०, दही ४५ आणि कूट दोन चमचे १००. बेरीज झाली २४५. माणसामागे नव्वदेक कॅलरी वाचल्या, म्हणजे जवळपास एक लहान चपाती. हे रोज होणार असेल तर वर्षाअखेर पोटाच्या घेरावर त्याचा फरक पडतो.

मीठ आणि पाणी

मिठाचेही बोलले पाहिजे, कारण रक्तदाबवाल्यांचे नुकसान तिथे होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे जेमतेम एक सपाट लहान चमचा. कोशिंबिरीत मीठ आधी घातले की काकडीला पाणी सुटते आणि मीठ त्यात उतरते. मग चवीसाठी आणखी घालावे लागते. म्हणून मीठ अगदी वाढताना घाला, चिमूटभर पुरते. लिंबू, आले आणि जिरे असले की मिठाची उणीव फारशी भासत नाही.

कच्च्या भाजीला स्वच्छ पाणी लागते आणि आपल्या वस्त्यांची खरी अडचण तीच आहे. नळाला तासभर पाणी येते, तेही कधी गढूळ. मेथी, कोथिंबीर, कोबी यांच्या पानांना माती आणि जंतांची अंडी चिकटलेली असतात. पाने सुटी करून दोन-तीन पाण्यांत धुवा आणि शेवटचे पाणी पिण्याचे वापरा. काकडी, गाजर, मुळा सोलून घ्या. भाजी जेवायच्या वेळीच चिरा. पावसाळ्यात पाण्याचा भरवसा नसेल तेव्हा कोबी, गाजर, बीट वाफवून घ्या. वरचे दही-मोहरीचे मिश्रण वाफवलेल्या भाजीवरही तितकेच चांगले लागते. आणि स्वच्छ पाणी मागणे हाही आरोग्याचाच भाग आहे. ती मागणी नगरसेवकाच्या दारात सगळ्या गल्लीने मिळून न्यावी.

शेवटी दोन गोष्टी. कोशिंबीर म्हणजे औषध नव्हे. साखर-रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि कोशिंबीर सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटापर्यंत पोचली पाहिजे. बहुतेक घरांत पुरुष आणि पोरे जेवून उठेपर्यंत भांड्याच्या तळाशी फक्त पाणी उरते, आणि ती माउली उरलेल्या तर्रीशी भाकरी खाते. तिचा वाटा आधी काढून ठेवा, किंवा सगळे एकत्र जेवायला बसा.

उद्या सकाळी फार काही करू नका. तेलाच्या बरणीत एक लहान चमचा टाकून ठेवा आणि फोडणीला तेल त्यानेच घ्या. महिनाभराने तेलाची पिशवी किती दिवस जास्त पुरली ते बघा, आणि महिला मंडळाच्या बैठकीत तो आकडा सगळ्यांना सांगा.