कानतुटका कप आणि वॉशिंग्टनचे हॉटेल

गावच्या हॉटेलात आमचा कप वेगळा, कान तुटलेला. चहा बाहेर उभ्याने प्यायचा आणि कप आपणच विसळून ठेवायचा. त्यामुळे कुठल्याही हॉटेलात कोण कुठे बसतो, हे आम्ही आधी पाहतो.

वॉशिंग्टनच्या यू स्ट्रीटवर, काळ्यांच्या वस्तीत, 'बेन्स चिली बोल' उभे राहिले ते १९५८ साली. इमारत १९१० ची, मूळची मूकपटांचे थिएटर. मालक बेन अली त्रिनिदादचे, भारतीय वंशाचे. पत्नी व्हर्जिनिया कृष्णवर्णीय, आधी काळ्यांच्याच बँकेत काउंटरवर. मिळते काय, तर सॉसेज आणि त्यावर खिम्याचा तिखट रस्सा. डॉ. मार्टिन ल्यूथर किंगही इथे येत.

४ एप्रिल १९६८ ला किंग यांची हत्या झाली. शहर पेटले, संचारबंदी लागली. हे हॉटेल मात्र परवानगीने उघडे राहिले. चळवळीचे कार्यकर्ते जेवले, पोलीसही जेवले. आचारी-वाढपी कामावर आले म्हणूनच ना! २००९ साली ओबामा जेवून गेले, त्याचे फोटो जगभर छापले गेले. आम्हाला मात्र त्या रात्री शेगडीपाशी उभी राहिलेली माणसे मोठी वाटतात.