विद्यार्थ्यांच्या यंत्रांचा पंचनामा शेतात व्हावा

शेतीचे अवजार कोणी घडवावे आणि ते बरे की वाईट हे कोणी ठरवावे, हा प्रश्न वरवर पाहता लहान दिसतो. परंतु त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. जुन्या गावगाड्यात ह्या प्रश्नाचे उत्तर रूढीनेच दिलेले होते. तिफण सुताराने घडवावी, लोखंडकाम लोहाराने करावे आणि दोघांनी सुगीत खळ्यावरून आपले बलुते न्यावे. पेरताना चाड्यातून बी सारखे उतरले नाही, किंवा एक फण खोल व दुसरा उथळ चालला, तर ती तक्रार त्याच दिवशी सुताराच्या अंगणात जाऊन पोचत असे. घडविणारा व वापरणारा ह्यांच्यामध्ये एका गल्लीचे अंतर होते, म्हणूनच ते अवजार त्या त्या जमिनीस जुळत गेले.

आज अवजार घडविणारा बदलला आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले व मुली आपापले संघ करून स्पर्धांसाठी यंत्रमानव, म्हणजे ज्यास सर्वत्र रोबोट म्हणतात तो, तयार करू लागली आहेत. माणसाच्या आकाराची बाहुली असा ह्या शब्दाचा अर्थ घेऊ नये. भोवतालची स्थिती यंत्राच्या डोळ्याने वा स्पर्शाने जाणावी, काय करावयाचे ते आत भरलेल्या सूचनांवरून ठरवावे आणि मग हात किंवा चाक हलवावे, अशा यंत्रास रोबोट म्हणतात. कारेल चापेक ह्या झेक नाटककाराच्या 1920 सालच्या नाटकातून हा शब्द जगभर पसरला. ज्या झेक शब्दावरून तो घेतला, त्याचा अर्थ वेठबिगार असा आहे. आमची नोकरी महसूल खात्यातली, त्यामुळे वेठ हा शब्द जुन्या दप्तरांतून व वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्हांस पुरेसा परिचित आहे. माणसाची वेठ यंत्रावर जाणार असेल तर त्यात वाईट वाटण्याजोगे काही नाही. मात्र ती खरोखर जाते की नाही हे पाहिले पाहिजे.

ह्या स्पर्धांपैकी रोबोकॉन नावाची स्पर्धा आशिया व प्रशांत महासागर प्रदेशातील प्रसारण संस्थांच्या संघाने 2002 साली टोकियोत सुरू केली. तिच्यात एक चांगली रीत आहे. ज्या देशात स्पर्धा भरते त्या देशाने विषय द्यावयाचा. 2008 साली ती पुण्यास भरली तेव्हा विषय होता गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी. 2022 साली दिल्लीस भरली तेव्हा विषय होता लगोरी. 2024 साली व्हिएतनामने सुगीचा दिवस हा विषय दिला. तेथे यंत्रांनी भाताची रोपे लावावयाची आणि दाणे गोळा करून कोठारात टाकावयाचे होते. परंतु ती रोपे म्हणजे नळ्या होत्या, दाणे म्हणजे रंगीत चेंडू होते आणि खाचर म्हणजे सपाट, कोरडा ओटा होता. विद्यार्थ्यांच्या बुद्धीस व्यायाम म्हणून हे सर्व उत्तमच आहे. तथापि विषय शेतीचा असला म्हणून परीक्षा शेतीची होते असे नाही, एवढेच येथे ध्यानात ठेवावे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यास ह्या बाबतीत अधिक जवळचे उदाहरण उपलब्ध आहे. एस.ए.ई. इंडिया ही वाहन-अभियंत्यांची संस्था विद्यार्थ्यांसाठी टिफान नावाची स्पर्धा घेते. टेक्नॉलॉजी इनोव्हेशन फोरम फॉर ॲग्रिकल्चरल नर्चरिंग ह्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांनी तो शब्द बनला आहे. पण आपल्या कानास ती तिफणच ऐकू येते. कांदा काढण्याचे यंत्र, भाजीपाल्याची रोपे लावण्याचे यंत्र, असे विषय ह्या स्पर्धेत विद्यार्थ्यांस देण्यात आले आहेत आणि तिच्या अंतिम फेऱ्या राहुरीस महात्मा फुले कृषी विद्यापीठात भरल्या आहेत. कागदावरच्या आराखड्यावर न थांबता यंत्र बनवून ते मातीत चालवून दाखवावे, हा ह्या स्पर्धेचा गुण आहे व त्याबद्दल चालकांचे अभिनंदन केले पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच की, राहुरीपर्यंत आलेली ही वाट तेथेच न संपता पुढे आपल्या बांधापर्यंत यावी. आणि ती आणण्याचे काम महाविद्यालयांचे जितके आहे त्याहून अधिक आपले आहे.

असे म्हणण्याचे कारण हिशेबाने सांगतो. कांद्याची लागण 15 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटर अंतरावर करावी अशी शिफारस आहे. ह्या मानाने एका एकरात सुमारे 2 लाख 70 हजार रोपे बसतात. पाट-वरंबे वजा केले तरी आकडा दोन लाखांच्या खाली सहसा जात नाही. आता एखाद्या संघाच्या यंत्राने प्रत्येक सेकंदास एक रोप लाविले, तर पाहणारे टाळ्या वाजवितील व ते योग्यही होईल. परंतु त्या गतीने पूर्ण एकर लावण्यास 75 तास लागतात, म्हणजे आठ तासांच्या दिवसाने साडेनऊ दिवस. उलटपक्षी वीस बायांच्या टोळीने तोच एकर एका दिवसात उरकावयाचा म्हटला, तर प्रत्येकीच्या वाट्यास साडेतेरा हजार रोपे येतात. म्हणजे दर दोन सेकंदांस एक रोप, तेही दिवसभर कमरेत वाकून. अर्थात एक हाताचे हे यंत्र फार तर दोन बायांच्या बरोबरीचे ठरले. टोळीची बरोबरी करावयास त्यास दहा हात पाहिजेत. हा त्रैराशिकाचा हिशेब कोणताही शेतकरी बांधावर बसून करील. तो करणारा माणूस यंत्राच्या आराखड्याच्या वेळीच जवळ असला पाहिजे.

दुसरी अडचण रोपाची. यंत्रास ट्रेमध्ये वाढविलेले, मुळाशी मातीचा गोळा असलेले, सारख्या उंचीचे रोप मानवते. आपल्याकडे कांद्याचे रोप गादीवाफ्यातून उपटून, जुड्या बांधून, उघड्या मुळांनी शेतात येते. कोणते काडीसारखे बारीक, कोणते जाड. मुळे एकमेकांत गुंतलेली. ऊन लागले की पाती लोंबलेली. त्या जुडीतून नेमके एकच रोप सोडवून ते सरळ खोचणे हे कसब बाईच्या अंगठ्यात व दोन बोटांत आहे. यंत्राच्या हातास ते शिकविणे ही खरी अभियांत्रिकीची परीक्षा होय. ज्या विद्यार्थ्याने एक दिवस टोळीबरोबर लागण केली नाही, त्यास ह्या परीक्षेतील प्रश्नच कळणार नाही, मग उत्तराची गोष्ट दूर राहिली.

तिसरी अडचण जमिनीची. आपल्या जिल्ह्याची माती काही एका जातीची नव्हे. मुळा व प्रवरेच्या कालव्यांखालची काळी जमीन वाफसा चुकला की चाकास चिकटून यंत्र जागीच बसविते. तर पारनेरकडील हलक्या, मुरमाड रानात दर चार पावलांवर दगड लागतो. शिवाय क्षेत्र लहान. 1970-71 साली महाराष्ट्रात सरासरी वहिवाटीचे क्षेत्र 4.28 हेक्टर होते. 2015-16 च्या कृषिगणनेत ते 1.34 हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर, इतके भरले. 1947 चा तुकडेबंदीचा कायदा झाल्यानंतरची ही स्थिती आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर एका गटात भावाभावांची नावे आम्ही इतकी पाहिली आहेत की, पोटहिश्श्यांच्या बांधांतून मोठे यंत्र वळवावयाचे कोठे हा प्रश्न आम्हांस सर्वांत आधी सुचतो. सपाट, मोकळ्या, एका प्रतीच्या भूखंडावर अर्धा तास चाललेले यंत्र आपल्या गटात चालेल, असे मानण्यास काही आधार नाही.

जुना दाखला घ्यावयाचा तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा घ्यावा. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली व तेथे लोखंडी नांगर होऊ लागले. लोखंडाने जमिनीस विष चढते अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती आणि आरंभी नांगर पडून राहिले. पुढे तोच नांगर घरोघर गेला, तो शेतकऱ्याने स्वतः वापरून, प्रतीती घेऊन पत्करला म्हणून. कारखान्यातले प्रशस्तिपत्रक त्याच्या कामी आले नसते.

आता ह्यावर जे आक्षेप येतील त्यांचाही विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, स्पर्धा ही मुलांच्या शिक्षणासाठी आहे. तिच्यातून शेतकऱ्यास यंत्र मिळालेच पाहिजे हा आग्रह कशास? म्हणणे अगदी खोटे नाही. परंतु ज्याचे यंत्र चिखलात रुतले आणि ज्याने ते का रुतले हे शेतकऱ्याशी बोलून शोधले, तो विद्यार्थी बक्षीस घेऊन परतणाऱ्यापेक्षा अधिक शिकला असेच आम्ही म्हणू. आणि ह्या शिक्षणावर आपला काही हक्कही आहे. 1983 साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली, तेव्हा लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे अशी महाविद्यालये निघाली, ती सहकारी साखर कारखानदारीच्या छायेत. प्रवरेचा कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला. त्याच्या भागभांडवलात आपल्या वडील-आज्यांचे पैसे होते. उसाच्या वाढ्यावर पोसलेल्या बैलाने शेताकडे पाठ फिरवू नये, इतकीच अपेक्षा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे व तो झटकून टाकू नये. यंत्र आले तर लागणीवर व खुरपणीवर जगणाऱ्या बायांनी काय करावे? पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतील किती कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीस बाहेर जातात हे आपणांस माहीत आहे. घरी राहिलेल्यांचा आधार ही रोजंदारीच होय. वेठ जावी पण पोट जाऊ नये. ह्यावर आमच्या मते मार्ग एकच आहे. यंत्राची मालकी टोळीकडे जाईल असे पाहावे. 2023 साली केंद्र सरकारने नमो ड्रोन दीदी योजना मंजूर करून 15 हजार महिला बचत गटांस फवारणीचे ड्रोन देण्याचे ठरविले. तेच तत्त्व लागणीच्या यंत्रास लावता येईल. बचत गटाने यंत्र घ्यावे, शेतकऱ्याने एकरी दर द्यावा. मात्र ह्यासाठी यंत्र लहान, स्वस्त व बाईस चालविता येण्याजोगे असले पाहिजे. आणि तशी अट आराखड्याच्या आरंभीच कोणीतरी घातली पाहिजे.

ही अट कोण घालणार? महसूल खात्यात एक जुनी पद्धत आहे. नुकसान झाले की कचेरीत बसून ठरवीत नाहीत. जागेवर जाऊन, गावचे पंच बोलावून, डोळ्यांनी पाहून पंचनामा करितात व त्यावर पंचांच्या सह्या घेतात. विद्यार्थ्यांच्या यंत्रांनाही हाच नियम लागावा. म्हणून शेतकरी संघाच्या प्रत्येक तालुका शाखेने पुढील गोष्टी कराव्यात अशी आमची सूचना आहे.

एक, जवळच्या महाविद्यालयास पत्र लिहून प्रत्येकी दहा गुंठे शेत चाचणीसाठी देऊ करावे. एक काळ्या जमिनीत व एक मुरमाड जमिनीत. मशागत नेहमीचीच असावी, खास सपाटी करू नये. दोन, जेथे परीक्षकांत शेतकरी नसेल तेथे एक कसणारा शेतकरी व एक लागण करणारी बाई ह्यांस पंच म्हणून घेण्याची विनंती करावी, आणि त्या दिवसाची त्यांची मजुरी संघाने द्यावी. तीन, स्पर्धा झाल्यावर यंत्र महाविद्यालयाच्या आवारात गंजत न ठेवता एक हंगाम गावच्या अवजार बँकेत ठेवावे. गावच्या फिटरने ते खोलावे, जोडावे, आणि काय मोडले, किती वेळा मोडले, ह्याची नोंदवही ठेवून ती मुलांस परत द्यावी. ही नोंदवही कोणत्याही ढालीपेक्षा त्यांच्या उपयोगी पडेल.

चार, शाळांकडेही लक्ष द्यावे. 2016 पासून केंद्र सरकारच्या अटल योजनेतून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी प्रयोगशाळा दिल्या जात आहेत, आणि सरकारी शाळांत आणखी 50 हजार प्रयोगशाळा पाच वर्षांत उघडण्याचे 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. तेथील मुले काळ्या रेषेवरून धावणारी गाडी बनवितात. रेषेवरून धावणे शिकून झाले म्हणजे त्यांस पुढचा प्रश्न आपण द्यावा. रात्रीच्या पाळीस वीज आली असता बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून बापास उसात जावे लागते. वाफा भरला हे घरबसल्या कळविणारे व पाणी बंद करणारे साधन करता येईल काय? चाळीतला कांदा आतून सडू लागला हे वेळीच सांगता येईल काय? हे प्रश्न मुलांच्या घरचेच आहेत; ते शाळेत नेण्याचे धाडस तेवढे आपण करावयाचे आहे.

रब्बी कांद्याच्या लागणीस डिसेंबर-जानेवारीत आरंभ होतो. त्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, कोणाचे दहा गुंठे मिळतील त्याचे नाव व गट नंबर इतिवृत्तात लिहावा, आणि ते पत्र महाविद्यालयाकडे रवाना करावे. मुले येतील, यंत्र रुतेल, पुन्हा निघेल. त्या वेळी बांधावर उभे राहून हसू नये. हात लावावा, आणि काय चुकले ते सांगावे. जुन्या तिफणीच्या सुतारास आपल्या आज्याने हेच केले होते.