स्टीअरिंगचा गिअर काढू नका!

आजोबांची फियाट अजून शेडमध्ये उभी आहे? नशीबवान आहात. ती रस्त्यावर आणायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: ‘स्टीअरिंगचा गिअर काढून टाक, खाली फ्लोअरला घे, कटकट संपेल.’ द्वारकेच्या गॅरेजमध्ये विचारा नाहीतर काकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, बहुतेकांचं उत्तर हेच. माझं म्हणणं उलट आहे. काढू नका.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी: प्रीमियर पद्मिनीत गिअरचा दांडा दोन सीटच्या मध्ये नसतो, स्टीअरिंगच्या मागे असतो. म्हणून पुढची सीट सलग ठेवता आली आणि ड्रायव्हरशेजारी दोघं बसू शकले. (आपल्याकडे तिघं!) रिक्षावाले दादा डाव्या मुठीने गिअर टाकतात ना, त्याचाच हा चारचाकी भाऊ.

दांड्याला कामं दोनच. स्वतःकडे ओढला किंवा पुढे ढकलला की गिअरची जोडी निवडली जाते; वर-खाली केला की त्यातला एक गिअर पडतो. ही हालचाल स्टीअरिंगला समांतर शाफ्टवरून खाली जाते आणि तिथून रॉडने गिअरबॉक्सला पोचते. सांध्यांमध्ये बुश असतात. ते झिजले की प्रत्येक ठिकाणी थोडी ढिलाई, तिची बेरीज होते, आणि पुणे रोडला वळताना भर द्वारका सर्कलवर गिअर अडकतो. मागे एसटीचा हॉर्न. बदनाम होतो गिअर, दोष मात्र चिमूटभर बुशचा.

तो नीट बसवणं हे जादूचं काम नाही, धीराचं आहे. आधी गिअरबॉक्स न्यूट्रलला, वरचा दांडाही न्यूट्रलला, मगच रॉडची लांबी जुळवायची. पिन बोटाने आत सरकली पाहिजे. हातोडी उचलावी लागली तर लांबी चुकलीय. मग लॉकनट, ग्रीस. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघायचे, रिव्हर्ससकट. एखादा पडला नाही तर गाडी जराशी ढकलून पुन्हा.

याउलट फ्लोअरला घ्यायचं म्हणजे पत्रा कापायचा आणि अनेकदा दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स घुसवायचा. कापलेला पत्रा परत येत नाही.

पार्ट मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण बुश लेथवर बनवून घेता येतो. सातपूर-अंबडच्या गावात लेथ सापडत नसेल तर मग बोलणंच खुंटलं.

गंमत म्हणजे हा गिअर परत आलाय. ह्युंदाईच्या आयोनिक ५ आणि क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये तो स्टीअरिंगपाशीच आहे. फक्त खाली रॉड नाही, वायर आहे. बिघडला तर तुम्ही-आम्ही बघत राहणार. पद्मिनीत मात्र कुठला रॉड काय ओढतो हे डोळ्यांनी दिसतं. मेकॅनिकलच्या किंवा आयटीआयच्या मुलांना याहून स्वस्त प्रॅक्टिकल कुठलं?

घाई मात्र करा. मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्रीही आता वयस्कर झालेत. एखादा रविवार त्यांच्याजवळ टॉर्च धरून उभे राहा, परवानगी घेऊन व्हिडिओ काढा, प्रश्न विचारा. आणि हो, पांढरा शर्ट घालून जाऊ नका.