जव की नागली? आधी प्रश्न नीट विचारा

उन्हाळ्यात सातूचे पीठ पाण्यात कालवून गुळाबरोबर खाण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. सातू म्हणजे जव. परंतु या नावाने जे पीठ विकले जाते त्यात पुष्कळदा गहू आणि डाळेच असतात. जवाचा पत्ता नसतो. तेव्हा पोषणमूल्याची चर्चा करण्यापूर्वी पुड्यात कोणते धान्य आहे हे पाहणे, ही पहिली पायरी होय.

जवाचे गुण खरे आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम जवात सुमारे ११ ग्रॅम प्रथिने आणि १५ ग्रॅमहून अधिक तंतू असतात. सडलेल्या तांदळात हेच आकडे सुमारे ८ आणि ३ आहेत. जवातील 'बीटा-ग्लूकन' हा तंतू पाण्यात विरघळतो व द्रवाची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, वाढवतो. आतड्यातील अन्नरस दाट झाला की ग्लुकोज रक्तात सावकाश उतरते. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लूकन पोटात गेल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, असेही आढळले आहे. मात्र जवात ग्लुटेन असते. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी जव टाळलेच पाहिजेत.

मग इगतपुरीच्या मुलांनी जवाचे पीठ विकत आणावे काय? माझे मत असे, की त्याआधी त्यांनी समोरच्या डोंगरउताराकडे पाहावे. जव हे थंड, कोरड्या हवेतील रब्बीचे पीक आहे. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्या पावसात उतारावर नागली उभी राहते. वरील तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते; जवात ते अवघे २९ मिलिग्रॅम! वाढत्या हाडांना हा फरक लहान नव्हे. नागलीतील सगळेच कॅल्शियम शरीराला मिळत नाही, कारण फायटेट आड येते. परंतु धान्याला मोड आणले की फायटेट कमी होते. हे आपल्या आज्या करीतच आल्या आहेत.

प्रथिने आणि विरघळणारे तंतू हवे असतील तर जव सरस. कॅल्शियम हवे असेल तर नागली. 'कोणते धान्य चांगले?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कशासाठी चांगले?' असे विचारले म्हणजे तो विज्ञानाचा प्रश्न होतो.

नागलीची भाकरी काळी दिसते म्हणून डब्यात आणायला मुले लाजतात, ही गोष्ट मला अधिक खटकते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. शिक्षकांनी आपल्या वर्गात एक दिवस तरी साजरा करावा: फळ्यावर हे आकडे मांडावेत आणि डबे उघडावेत.