चौकोनी गाडीला मरण का नाही?

मागच्या महिन्यात जुम्याची नमाज आटोपून मशिदीबाहेर पडलो, तर रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस जणांचा घोळका उभा. काही भांडणतंटा झाला की काय म्हणून जवळ गेलो. पाहतो तो आमच्याच बाजारातल्या एका तरुण व्यापाऱ्याने नवी थार आणलेली. मुले तिच्या भोवती फिरत होती, कुणी चाकावर हात फिरवत होते, कुणी दार उघडून आत डोकावत होते. इतक्यात आमचे एक वयोवृद्ध यंत्रमागवाले हाजीसाहेब पुढे आले, चष्मा सावरून गाडी न्याहाळली आणि म्हणाले, "अरे भाई, हा तर आपला जुना डबाच! हिलाच आपण काळी-पिवळी म्हणून दहा-दहा माणसे कोंबून चालवत होतो." सगळे हसले. तरुण मालकही हसला.

हसण्यावारी गेलेली ही गोष्ट माझ्या मनातून मात्र जाईना. तीस वर्षे मी कपडा विकतो आहे. या धंद्यात रंग एक हंगाम चालतो, छपाई फार तर दोन ईद. मग ऐंशी वर्षांपूर्वीचा हा खोक्यासारखा आकार आजही लोकांना का खेचतो? यात आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी शिकण्यासारखे काही आहे काय? मला वाटते, पुष्कळ आहे.

गरजेने घडवलेला आकार

हा आकार कुण्या चित्रकाराने शोभेसाठी काढलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला हलकी, दणकट आणि भराभर तयार होणारी गाडी हवी होती. त्यातून १९४१ मध्ये विलीज कंपनीची जीप आली. फोर्डनेही तीच गाडी बनवली आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा रस्त्यावर आणल्या. सपाट पत्रा, सरळ घडी, उभी काच. वळणदार पत्रा दाबायला महागडे साचे लागतात, सरळ पत्र्याला साधी यंत्रे पुरतात. समोरच्या जाळीचेही तसेच. आधी पट्ट्या जोडून जाळी करीत. पुढे फोर्डने एकाच पत्र्यात उभ्या फटी कापून काढल्या, कारण ते स्वस्त आणि हलके पडे. आज त्याच फटींना जीपची ओळख म्हणून जगभर मान आहे. काटकसरीसाठी केलेली गोष्ट पुढे प्रतिष्ठेची झाली.

विलायतेतल्या लँड रोव्हरची कहाणीही अशीच. युद्धानंतर तिथे पोलादाचा तुटवडा होता. विमानांच्या कामातले ॲल्युमिनियम मात्र मिळत होते. म्हणून १९४८ मध्ये आलेल्या लँड रोव्हरचे अंग ॲल्युमिनियमचे झाले आणि साचे कमी लागावेत म्हणून पत्रे सपाट ठेवले गेले. पुढे डिफेंडर नावाने ओळखली गेलेली ती गाडी थोड्याफार बदलांनिशी जानेवारी २०१६ पर्यंत बनत राहिली. वीस लाखांवर नग गेले.

आपल्या महाराष्ट्राचा यात मोठा वाटा आहे, आणि तो आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवा. १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने पोलादाच्या व्यापाराची एक पेढी सुरू झाली. यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये पेढीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. याच पेढीने १९४७ मध्ये विलीज जीपचे सुटे भाग मागवून मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली होती. पोलाद विकणारे गाडी बनवू लागले! आज आमच्या मालेगावहून आग्रा रोडने दोन-अडीच तासांवर असलेल्या नाशिकच्या कारखान्यात बोलेरो बनते, थार बनते. बोलेरो २००० साली आली. तिच्यानंतर किती गोलगुबऱ्या, चकचकीत गाड्या आल्या आणि गेल्या, पण खेड्यापाड्यात बोलेरोची मागणी हटली नाही.

डब्याचे हिशेबी फायदे

हे काही केवळ जुन्या आठवणींचे प्रेम नाही. हिशेब मांडून पाहा. घरी डाळ-तांदूळ आपण चौकोनी डब्यात का भरतो? कारण कोपरा वाया जात नाही. छत उतरते झाले की मागच्या माणसाचे डोके लागते, मागचा दरवाजा तिरका झाला की तागे आडवे बसत नाहीत. मी स्वतः एकेकाळी जुन्या जीपमधून आठवडे बाजाराला माल नेत असे. आत कापडाचे तागे, टपावर गठ्ठे, आणि बाजूच्या बाकावर दोन माणसे. पुढे चार पैसे आले तेव्हा एक सुंदर उतरत्या पाठीची मोटार घेतली. दिसायला नवरीसारखी, पण माल नेण्यासाठी पुन्हा टेम्पो भाड्याने करावा लागे. दोन वर्षांत मोटार विकली.

आपल्या देशात तर कायद्यानेही चौकोनाला हात दिला आहे. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाडीला कर कमी ठेवण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर आले, त्यातही अशा गाडीला १८ टक्के आणि मोठ्या गाडीला ४० टक्के जीएसटी आहे. आता लांबी चार मीटरला बांधली गेली, तर आत जास्तीत जास्त माणूस आणि माल बसवायचा कसा? उत्तर एकच. उभ्या भिंती, सपाट छत. बोलेरो चार मीटरच्या आत बसते आणि तरी सात माणसे घेते, ते यामुळेच.

दुसरा फायदा दुरुस्तीचा. सपाट पत्र्याला पोचा आला तर कोणताही गॅरेजवाला ठोकून सरळ करतो. वळणदार अंगाला मात्र पूर्ण भागच बदलावा लागतो आणि तो शहरातून मागवावा लागतो. तिसरा फायदा नजरेचा. बॉनेटचे दोन्ही कोपरे चालवणाऱ्याला दिसतात, त्यामुळे बोळातून गाडी काढताना अंदाज चुकत नाही. ज्या वस्तूचे काम तिच्या रूपावरून कळते, तिच्यावर गिऱ्हाइकाचा भरवसा बसतो.

गिऱ्हाइकाने शिकवलेला धडा

कारखानदारांना हे नेहमी कळले असे नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत जीपची नवी रँगलर आली, तेव्हा जमाना नवा म्हणून तिला गोल दिव्यांऐवजी चौकोनी दिवे लावले. जीपच्या चाहत्यांनी नाके मुरडली. गाडी चौकोनी हवी, पण डोळे गोल हवेत, हा त्यांचा हट्ट! दहा वर्षांनी पुढचे मॉडेल आले ते पुन्हा गोल दिवे घेऊन. मर्सिडीजची जी-क्लास १९७९ पासून ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये बनते. २०१८ मध्ये तिचे जवळजवळ सगळे भाग नवे केले, पण चेहरा, दाराच्या कड्या, बॉनेटवरचे इंडिकेटर आणि मागचे टांगलेले चाक तसेच ठेवले. २०२३ मध्ये पाच लाखावी गाडी बाहेर पडली. टोयोटाची ७० सिरीजची लँड क्रूझर १९८४ पासून बनते आहे. आखातात नोकरीला गेलेले आपले बांधव तिला चांगले ओळखतात.

हा धडा मी माझ्या दुकानात महाग किमतीला शिकलो. चौकड्याच्या लुंगीची एक जात वर्षानुवर्षे चालत होती. नवीन काही करावे म्हणून मी विणकराला सांगून चौकडा मोठा केला आणि काठ बदलला. सूत तेच, वीण तीच, भावही तोच. खेड्यातला म्हातारा गिऱ्हाईक लुंगी हातात घेई, उलटसुलट करी आणि "ही ती नव्हे" म्हणून खाली ठेवी. दोन गठ्ठे वर्षभर पडून राहिले. चूक माझीच होती. मी लुंगीत सुधारणा केली असे मला वाटत होते, प्रत्यक्षात मी तिची ओळख पुसली होती. मर्सिडीजवाल्यांनी याच्या उलट केले. आतून सगळे सुधारले, वरून ओळख राखली.

आकारही मिळकत असते

ओळखीची किंमत किती असते हे कोर्टात दिसते. महिंद्राने अमेरिकेत रॉक्सर नावाची शेतीवाडीत चालणारी गाडी विकायला काढली, तेव्हा २०१८ मध्ये जीपच्या मालक कंपनीने तिथल्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली. जीपचे रूप म्हणून जी लक्षणे मांडली गेली, त्यांत सपाट उभ्या बाजूंचा खोक्यासारखा आकारही होता. २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरोधात गेला आणि कंपनीला गाडीचा चेहरा बदलावा लागला. पूर्वी विलीजचीच जीप परवान्याने बनवलेली कंपनी, तरीही हे झाले.

त्याच वर्षी विलायतेत उलटे घडले. जुन्या डिफेंडरसारखी दिसणारी गाडी दुसरी एक कंपनी बनवणार होती. लँड रोव्हरने आपल्या गाडीच्या आकाराची ट्रेडमार्क नोंदणी मागितली, पण कोर्टाने ती नाकारली. ती दुसरी गाडी, ग्रेनेडियर, २०२२ पासून फ्रान्समध्ये बनू लागली. एकाने आपली ओळख राखली, दुसऱ्याची हातची गेली. आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूवाल्यांनी आणि येवल्याच्या विणकरांनी यावर विचार करावा. आपली नक्षी दुसऱ्याने यंत्रावर काढून निम्म्या भावात विकली की आपण नशिबाला दोष देतो. नोंदणी, शिक्का, कागदपत्र यांच्याकडे मात्र आपण पाठ फिरवतो.

नाण्याची दुसरी बाजू

चौकोनाचे दोषही सांगितले पाहिजेत. उभी काच वारा कापत नाही, अडवते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. गावात चाळीसच्या वेगाने हे जाणवत नाही, पण समृद्धी महामार्गावर एकशेवीसने जाल तर डिझेल सांगेल. याहून गंभीर गोष्ट अशी की, उंच आणि सपाट तोंडाची गाडी पायी चालणाऱ्याला जास्त घातक ठरते. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास जाहीर केला. बुटक्या, उतरत्या तोंडाच्या गाडीपेक्षा चाळीस इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीच्या धडकेत पादचारी दगावण्याचा संभव सुमारे ४५ टक्के अधिक आढळला. आपल्या मोहल्ल्यांत मुले मदरशातून सुटली की रस्त्यावरच धावतात. अशा बोळात या गाड्या धुरळा उडवीत नेणाऱ्या तरुणांनी हे लक्षात ठेवावे.

नुसता आकार धंदा करून देतो असेही नाही. मारुतीची जिम्नी २०२३ मध्ये आली. अस्सल चौकोनी, अस्सल दणकट. आपल्याकडे तिला उठाव कमीच राहिला, कारण त्या किमतीत गिऱ्हाइकाला जास्त मोठी गाडी दिसत होती. तीच भारतात बनलेली पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये जाहीर झाली, तर चार-पाच दिवसांत पन्नास हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. माल एकच, बाजार वेगळा.

आणि शेवटची गोष्ट, जी सांगायला थोडा संकोच वाटतो. जी गाडी गरिबाचे ओझे वाहण्यासाठी जन्मली, ती आज रुबाबासाठी विकली जात आहे. थार रॉक्सची नोंदणी ३ ऑक्टोबर २०२४ ला उघडली, तेव्हा पहिल्या एका तासात १ लाख ७६ हजार मागण्या आल्या. यातल्या किती जणांना डोंगर चढायचा होता? ज्याची ऐपत आहे त्याने जरूर घ्यावी. सूरह नहलमध्ये सवारीच्या जनावरांचा उल्लेख येतो तो उपयोग आणि शोभा या दोन्ही अंगांनी येतो, म्हणून शोभेला नाही म्हणणारा मी कोण? पण तिथेही सवारी आधी आणि शोभा नंतर आहे. सूतवाल्याची उधारी थकलेली, सायझिंगचे बिल बाकी, कारागिराची मजुरी पुढच्या जुम्यावर ढकललेली, आणि दारात व्याजी हप्त्याची गाडी, हे दृश्य आपल्या बाजारात वाढत चालले आहे. त्याला इसराफ म्हणावे की आणखी काही, हे ज्याने त्याने आपल्या हिशेबाच्या वहीला विचारावे.

तेव्हा व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, गाडीचा हा डबा दारात आणा वा न आणा, त्यामागचा धडा मात्र घरी न्या. माल आधी कामाचा करा. एकदा गिऱ्हाइकाने ओळखला की त्याचा चेहरा जपा, आतला कस मात्र दरवर्षी वाढवा. त्या चेहऱ्याची कागदोपत्री नोंद करून ठेवा. आणि त्या तरुण व्यापाऱ्याला माझे सांगणे आहे की, बेटा, गाडी मुबारक असो. आता तिच्या मागच्या बाजूला चार तागेही ठेवत जा.